एमआरआयला मागणी नाही म्हणता? जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेस खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य यंत्रणेतील सर्व संबंधित अधिकारी
आणि जिल्हा नियोजन समितीचे सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

किनाऱ्यावरच्या आम्हा गावांनी मिळून केलेल्या अर्जाचं उत्तर आलं. जिल्ह्यात सरकारी दराने एमआरआयची सोय व्हावी आणि ती होईपर्यंत बाहेर करावी लागणाऱ्या तपासणीचा खर्च मिळावा, एवढंच आम्ही मागितलं होतं. तुमचं म्हणणं असं की या तपासणीला जिल्ह्यात पुरेशी मागणी दिसत नाही, अर्जातली बरीचशी उदाहरणं खांदेदुखीची आहेत, ती वयोमानाने होणारी तक्रार आहे आणि गंभीर रुग्णांना वर पाठवलं जातंच. उत्तर वेळेत आलं, भाषाही सभ्य होती, त्याबद्दल आभार. पण ते वाचून गप्प बसणं मला जमणारं नाही. पुन्हा अर्ज करून पुन्हा आवक क्रमांक घेत बसण्यापेक्षा हे चारचौघांत लिहिलेलं बरं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं छोटं क्लिनिक आहे. पाठ, गुडघा आणि खांदा या तिघांवर माझं घर चालतं. त्यातल्या खांद्याला तर आमच्याकडे वर्षाचं वेळापत्रकच आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ती उठली आणि नारळी पौर्णिमा झाली की जाळी ओढणारे खलाशी आणि रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे लोक यायला लागतात. पाऊस सरला की चिरेखाणीवरचे. मार्च ते मे आंबा काढणारे : दिवसभर मान वर, झेल्याचा लांब बांबू डोक्याच्याही वर आणि टोकाला फळाचं ओझं. लावणी झाली की बायका. माडावर चढून नारळ काढणारे पाडेली बारमाही. यांच्या खांद्याला तुम्ही वयोमान म्हणता. चाळिशी न गाठलेला खलाशी हात वर नेताना डोळ्यांत पाणी आणतो, तेव्हा मला त्याच्या जन्मतारखेपेक्षा त्याचं काम आधी दिसतं.

आता यात माझं स्वतःचं काय, तेही सांगते. माझे सख्खे काका पाडेली. माडावरून उतरताना पाय निसटला आणि त्यांनी उजव्या हाताने झावळीचा देठ धरला. पडले नाहीत, म्हणून काकीने देवाला नारळ ठेवला. पण सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला आणि खांदा गेला. त्याच आठवड्यात मी त्यांना तपासलं. हात बाजूने वर जातच नव्हता. मी वर नेऊन सोडला की धपकन खाली. रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर. त्यातलं वरचं टेंडन पूर्ण फाटलं असावं, लवकरात लवकर एमआरआय करावा, अशी चिठ्ठी मी लिहून दिली. सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. संध्याकाळी काका हसत घरी आले. ‘हाड बरा आसा म्हणान सांगल्यानी.’

हाड बरं होतंच. एक्स-रेत हाड दिसतं, सांधा निखळला असेल तर कळतं, झीज कळते, टेंडनमध्ये साठलेलं कॅल्शियम कळतं. फाटलेलं टेंडन त्यात दिसत नाही. त्यासाठी एमआरआय किंवा खांद्याची सोनोग्राफी लागते. माझी चिठ्ठी घेऊन काका परत गेले, तर इथे होत नाही, बाहेरून करून आणा. सरकारी दरात करायचं तर लांबच्या शहरातली तारीख मिळाली. त्या तारखेला यंत्र बंद, मग पुढची तारीख. खाजगीत करायला पाच हजारांच्या वर पैसे, वर दोन माणसांचं भाडं आणि बुडालेली मजुरी. पावसात घाटात दरड आली तो खोळंबा वेगळा. एमआरआय झाला तेव्हा पाऊस संपून भातं कापणीला आली होती. अहवालात लिहून आलं, टेंडन पूर्ण फाटलेलं, तुटलेलं टोक आत सरकलेलं, स्नायूत चरबी भरू लागलेली. घाटावरचे सर्जन सरळ माणूस. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आणलं असतं तर शिवून बघितलं असतं, आता टाका धरेल असं वाटत नाही, म्हणाले.

ताण असलेला दोर तुटला की त्याचं टोक मागे जातं, तसंच हे आहे. शिवाय काम थांबलेला स्नायू सुकतो, त्यात चरबी शिरते आणि ती चरबी नंतर टेंडन शिवलं तरी सहसा मागे फिरत नाही. म्हणून अपघाताने फाटलेल्या खांद्याला वेळेची मर्यादा असते. आज काका खुंटीला शर्ट अडकवताना डाव्या हाताने उजवा हात उचलून वर ठेवतात. माडावर चढणं संपलं. दुसऱ्याच्या खळ्यात नारळ सोलतात, तेही जमेल तेवढे. तुमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे खांदेदुखी आणि गोळ्या एवढंच आहे. मी स्वतः बघून आले.

मागणी दिसत नाही ती इथे. जिथे तपासणीची सोय नाही तिथला डॉक्टर ती लिहून देत नाही, कारण लिहून करणार काय. चिठ्ठी नाही म्हणजे नोंद नाही, नोंद नाही म्हणजे मागणी नाही. ज्यांना परवडतं ते न विचारता निघून जातात. कोणी रात्रीच्या गाडीने मुंबईला, कोणी आंबा घाटाने किंवा गगनबावड्याने कोल्हापूरला, कोणी खाली गोव्याला. तिथे पोचले की ते तिथल्या आकड्यांत जमा होतात. आपल्या जिल्ह्यातून किती माणसं नुसत्या तपासणीसाठी बाहेर जातात हे तुम्ही कधी मोजलं आहे का? एकदा एसटीच्या पहाटेच्या गाडीत बसून बघा. मांडीवर फिल्मची मोठी पाकिटं घेतलेली माणसं दिसतील.

हे सगळं लिहितानाच एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे माझ्यावर यंत्राचं वेड असल्याचा शिक्का बसायला नको. खांदा दुखला की एमआरआय, असं मी म्हणत नाही. उलट माझी दुसरी तक्रार तीच आहे. ज्याला तातडीने हवा त्याला तो मिळत नाही आणि ज्याला गरज नाही त्याला कर्ज काढून करायला लावतात. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात, बऱ्याचदा एकाच आठवड्यात चालतं.

बाजारात मासे विकणारी एक मावशी माझ्याकडे आली ती कानातल्या कुड्या गहाण टाकून केलेला एमआरआय घेऊनच. पाच-सहा महिने खांदा दुखत होता, रात्री त्या कुशीवर झोपता येत नव्हतं, पदर मागून घेता येत नव्हता. अहवालात सूज, थोडी झीज, टेंडनला अर्धवट चीर. कोणीतरी तिला फाटलंय म्हणून सांगितलं आणि तिने ऑपरेशनची धास्ती घेतली. मी तिचं कोपर कुशीला लावलं आणि हात बाहेर फिरवायला गेले, तर तो माझ्यानेही फिरेना. सांधाच आखडला होता. याला फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि तो मधुमेह्यांत जास्त दिसतो. मावशीची साखर किती दिवसांत तपासलीच नव्हती, आणि तपासली तेव्हा चांगलीच वाढलेली निघाली. तिला साखरेचं औषध हवं होतं, दुखणं आवरण्यापुरती औषधं किंवा सांध्यात एखादं इंजेक्शन, ठरलेले व्यायाम आणि हे दुखणं वर्ष-दोन वर्षंही रेंगाळू शकतं, पण बहुतेकांचं हळूहळू सुटतं, हे सांगणारं कोणीतरी. कुड्या कानातच राहिल्या असत्या.

अहवालातल्या चिरेला एवढं घाबरायचं का, याचं उत्तर १९९५ सालीच मिळालेलं आहे. अमेरिकेत ९६ जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढले. त्यातल्या एकाचाही खांदा दुखत नव्हता. तरी ३४ टक्के लोकांच्या रोटेटर कफमध्ये अर्धवट किंवा पूर्ण चीर सापडली, आणि साठीपुढच्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. म्हणजे उतारवयात चित्रात चीर दिसणं आणि दुखण्याचं कारण सापडणं या दोन निराळ्या गोष्टी. आधी माणसाला हात लावून तपासायचं, प्रश्न काय ते ठरवायचं आणि मग तो प्रश्न यंत्राला विचारायचा. आमच्याकडे हे उलटं चालतं, नाहीतर चालतच नाही.

तपासायला पैसा लागत नाही. कोपर कुशीला लावून हात बाहेर फिरवायला सांगा. रुग्णाला फिरवता येत नाही आणि डॉक्टरांनाही फिरवता येत नाही, तर सांधा आखडलेला किंवा झिजलेला, त्याला एक्स-रे आणि रक्तातली साखर. डॉक्टरांनी फिरवला तर फिरतो, पण सोडल्यावर रुग्णाला तो तिथे धरता येत नाही, तर टेंडनचा संशय, आणि त्यात पडल्याचा किंवा हिसका बसल्याचा इतिहास असेल तर घाई. मान हलवल्यावर हातात कळ उतरत असेल तर खांद्याला बोल लावू नका. चालताना डावा खांदा भरून येतो आणि घाम फुटतो, तर आधी ईसीजी काढा. उजव्या खांद्याचं दुखणं कधी पित्ताशयातलंही निघतं. ताप असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तर थांबायचं नाही. फळ्यावर लिहून संपेल इतकंच हे आहे, पण ओपीडीत रुग्णाचा शर्ट काढून दोन्ही खांदे शेजारी शेजारी बघायला कोणाला वेळ आहे? दोष एकट्या डॉक्टरांचा मी म्हणणार नाही. एका टेबलावर दिवसाला किती माणसं ढकलायची, हे तुम्ही ठरवता.

मधला एक दुवा आहे, त्याचा उल्लेख तुमच्या उत्तरात कुठेच नाही. खांद्याची सोनोग्राफी. हाताळणारा तयार असेल तर टेंडन पूर्ण फाटलंय का, हे सोनोग्राफी जवळपास एमआरआयइतकंच नीट सांगते. खर्च कमी, वेळ कमी आणि रुग्णाला हात हलवायला सांगून हलताना बघता येतं. पण आमच्याकडे सोनोग्राफी म्हणजे गरोदर बायका आणि पोट. खांद्यासाठी वरवरच्या भागाचं बारीक चित्र देणारा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचा भाग, लागतो, तो असला तरी पेटीत. १९९४ च्या गर्भलिंग निदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि ते वापरणाऱ्याची पात्रता यांचे नियम कडक आहेत, आणि ते असायलाच हवेत. पण आहे त्या नोंदणीकृत यंत्रावर, आहे त्या रेडिओलॉजिस्टकडून आठवड्यातला एक दिवस सांध्यांसाठी काढायला कोणता कायदा आडवा येतो? एमआरआय मग उरलेल्यांसाठी लागेल : ऑपरेशन ठरवायचं आहे, स्नायूत किती चरबी शिरली ते बघायचंय, खांदा वारंवार निखळतो म्हणून खोबणीची कड फाटली का ते हवंय, गाठीचा संशय आहे.

आणि त्यांच्यासाठी तो लागेलच. हे काही चैनीचं यंत्र नाही, या तंत्राच्या कर्त्यांना नोबेल मिळालं त्यालाही २००३ पासूनची वर्षं लोटली. क्ष-किरण नाहीत. चुंबक आणि रेडिओलहरी वापरून शरीरातल्या पाण्या-चरबीतल्या हायड्रोजनकडून चित्र मिळवायचं, म्हणून मऊ भाग इतके स्पष्ट दिसतात. पण यंत्र येताना त्याची व्यवस्था आली नाही तर तेही कुलपात जाईल, ही भीती मला आत्ताच वाटते. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट असतं आणि ते रात्रंदिवस चालू असतं. नेहमीच्या यंत्रात ते उणे २६९ अंशाच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेलं असतं. थंड ठेवणारा चिलर चोवीस तास लागतो. आमची वीज तुम्हाला माहीत आहे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, मे २०२१ मध्ये तौक्ते, किनाऱ्यावरची कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. वादळाचं सोडा, मिरगाच्या पहिल्या पावसातही लाईट जाते. चिलर बंद पडून राहिला की हेलियम उडू लागतं आणि ते पुन्हा भरायचं बिल बघून फाईल टेबलावरच झोपते. म्हणून यंत्रासोबत स्वतंत्र जनरेटर, खाऱ्या हवेत टिकेल असं बाहेरचं युनिट आणि दहा वर्षांचा देखभाल करार हे निविदेतच मागा. अगदी थोड्या हेलियमवर चालणारी सीलबंद चुंबकं आता मिळतात, त्यांचाही विचार व्हावा. उद्घाटनाची फीत कापताना हे कोणी विचारत नाही, म्हणून आधीच लिहून ठेवते.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण माणसाला त्याच जास्त लागतात. बाहेरच्या सेंटरवर आमच्या लोकांना रात्रीचा नंबर देतात. तपासणी अकराला संपते, परतीची गाडी पहाटे, मधली रात्र स्टँडवर. आत काय होणार हे आधी कोणी सांगत नाही. त्या अरुंद बोगद्यात वीस मिनिटं ते अर्धा तास हलायचं नाही, आवाज हातोडा बडवल्यासारखा होतो, घाबरलात तर हातातला फुगा दाबायचा, एवढं सांगितलं तरी माणूस निवांत पडतो. काकांना सांगितलं नव्हतं. कमरेचा करदोटा काढायला लावला तिथेच त्यांचा धीर सुटला, आणि अर्धी चित्रं हलल्यामुळे पुसट आली. यंत्राचं चुंबक लोखंड ओढतं, तरी धातूची चौकशीही घाईत उरकतात. पेसमेकर विचारतात, पण बोटीच्या इंजिनावर ग्राइंडर चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आमच्या किनाऱ्यावर विचारायलाच हवं. अहवाल येतो तो पानभर इंग्रजी. रुग्ण तो औषधाच्या दुकानात वाचून घेतो.

पैशाचं एकच सांगते. शासनाच्या आरोग्य योजनेत दाखल झालेल्या रुग्णाच्या ऑपरेशनचा खर्च बसतो, चांगली गोष्ट आहे. पण ऑपरेशन लागणार की नाही हे ठरवणारी तपासणी दाखल होण्याआधीची, आणि आमच्या लोकांचा अनुभव असा की तिचे पैसे खिशातूनच जातात. दार उघडं आहे, फक्त पायरी आपली आपण बांधून घ्या, असा हा प्रकार.

तेव्हा मागण्या अशा :

पडल्याने किंवा हिसक्याने खांदा दुखावला आणि हात उचलत नाही, अशा रुग्णाची सोनोग्राफी दोन आठवड्यांत आणि गरज पडल्यास एमआरआय महिन्याच्या आत झालाच पाहिजे. तारीख लेखी द्या. तुमचं यंत्र नसेल किंवा बंद असेल तर जवळच्या केंद्राशी करार करा आणि पैसे थेट त्या केंद्राला द्या, रुग्णाला पावत्या घेऊन फिरवू नका.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात खांदा तपासायचा एक पानी नमुना ठेवा, आणि एमआरआयच्या चिठ्ठीवर नेमका कोणता प्रश्न विचारायचा आहे ते लिहिणं सक्तीचं करा. प्रश्न लिहिता येत नसेल तर चिठ्ठी देऊ नका. खांदा आखडलेल्या रुग्णाची साखर त्याच दिवशी तपासा.

सोनोग्राफीचा सांध्यांचा दिवस तालुक्याला जाहीर करा.

जिल्ह्याबाहेर तपासणीला जाणाऱ्यांची सहा महिने नोंद ठेवा. आशाताईंवर हे काम टाकणार असाल तर त्याचा मोबदलाही द्या. तो आकडा नियोजन समितीपुढे ठेवा आणि मग मागणी आहे की नाही ते बोलू. यंत्राचा निर्णय त्या आकड्यावर घ्या, माझ्या पत्रावर नको.

अहवालासोबत चार ओळी मराठीत द्या : काय दिसलं, काय नाही, पुढे कोणाकडे जायचं.

या पत्राचं उत्तर नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीआधी लेखी मिळावं. मिळालेलं उत्तर मी जसंच्या तसं गावच्या फळ्यावर लावणार आहे. खांद्याच्या तपासणीचा नमुना मी तयार करून ठेवला आहे. ग्रामीण रुग्णालयांतल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना तो शिकवायला मी विनामोबदला येईन, येण्याजाण्याचं भाडंही नको. दिवस तुम्ही ठरवा, फक्त बुधवार सोडून. बुधवारी आमच्याकडे बाजार असतो आणि मासे विकून झाल्यावर बायका दुपारी माझ्याकडे येतात.

कळावे,
किनाऱ्यावरची एक फिजिओथेरपिस्ट